बिनशाईची सहा नाणी

"यात काय दिसतं तुला?"

पेठेचे मुख्य कितामी हेइएमोन यांनी बाहीतून एक चित्र काढलं आणि गेनपाचीच्या नाकासमोर धरलं. गेनपाची तेव्हा छपाईच्या कोरीव फळीवर निळा रंग पसरत होता. हातातला कुंचला त्याने खाली ठेवला नाही. रंग वाळला असता.

"घोडा दिसतो, साहेब. घोड्यावर सामुराई."

"त्याच्या पाठीमागं?"

"निशाण."

"कसलं?"

"पांढरं."

"आणि तिरकं धरलं तर?"

"तिरकं कशाला धरायचं? माणसं चित्र सरळच बघतात."

"अख्खी आसाकुसा पेठ गेले चार दिवस तिरकं धरून बघतेय," कितामी म्हणाले. "न्हाव्याकडं बघतात, पेठेच्या न्हाणीघरात बघतात. काल माझी सून दारात मान वाकडी करून उभी. मला वाटलं मान धरली बिचारीची. वैद्याला बोलवायला निघालो होतो मी."

गेनपाचीने ओला कागद फळीवर टाकला, बांबूच्या पानात गुंडाळलेली चकती घेतली आणि रगडायला सुरुवात केली. कितामी त्याच्या पाठीकडे बघत राहिले. तीस वर्षं हीच पाठ पुढे-मागे होताना त्यांनी पाहिली होती. तिला प्रश्न विचारण्यात अर्थ नाही हेही त्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी चित्र उचलून दाराच्या उजेडात आडवं धरलं. पांढऱ्या निशाणावर सहा गोल नाणी उभी राहिली. तीन वर, तीन खाली, प्रत्येकाच्या मधोमध चौकोनी भोक. सरळ धरलं की नाणी गायब. कागद तेवढा उरायचा.

"माझा शिक्का आहे रे यावर," कितामी म्हणाले. या वेळी त्यांचा आवाज मुख्यांचा नव्हता.

झालं होतं ते असं. दोन वर्षांपूर्वी शोगुनांच्या सरकारने राजधानी एदोच्या लोकांना साधेपणा शिकवायला घेतला होता. रेशीम बंद झालं, केसांतले चांदीचे आकडे बंद झाले, मोसमाआधीची काकडीसुद्धा बंद झाली. लोकांना काकडीमुळे माज चढतो असं वरच्यांचं मत होतं. मग पाळी चित्रांची आली. नटांची चित्रं बंद, नाचणाऱ्या बायकांची बंद, फार रंग बंद. उरले आईबापांची सेवा करणारे मुलगे आणि लढवय्ये सामुराई. पण सामुराईसुद्धा जुनेच हवेत. सरकारच्या लेखी इतिहास एका ठरावीक सालापाशी संपत होता. त्यानंतर लढाया झालेल्याच नव्हत्या, एकदम शांतताच सुरू झाली होती.

त्यामुळे चित्रकार अलीकडचे वीर उचलून पाचशे वर्षं मागे नेऊन ठेवत. नाव बदलत, चिलखत जुनं घालत, आणि गिऱ्हाईक चित्र बघून म्हणे, "हा तोच ना?" दुकानदार म्हणे, "कोण तो? वर नाव लिहिलंय की." मग दोघेही समाधानाने मान डोलवत.

या चित्रातला घोडेस्वारही तसाच. त्याचं खरं नाव कुणी घेत नसे. सव्वादोनशे वर्षांपूर्वी ओसाकाच्या मैदानात त्याने आताच्या शोगुनांच्या मूळपुरुषाला पळता भुई थोडी केली होती. शेवटी तो पडला, हरला. जिंकलेल्यांचे वंशज तरीही अजून निर्धास्त झालेले नव्हते. सहा नाणी ही त्याची खूण. मेलेल्या माणसाला पलीकडची नदी ओलांडायला सहा नाणी लागतात, ती तो निशाणावर घेऊनच लढाईला जायचा. एदोतल्या शेंबड्या पोरालाही ही खूण ठाऊक होती. फक्त छपाईआधी मंजुरीसाठी कितामींकडे आलेल्या रेखाटनात ती नव्हती. निशाण कोरं होतं. कितामींनी समाधानाने शिक्का मारला आणि घरी जाऊन जेवले.

रेखाटन फळीवर चिकटवून कोरणारा चोजो आणि छापणारा गेनपाची, दोघांची मैत्री भांडणाइतकीच जुनी. फळी घेऊन चोजो आला तेव्हा दोघे तिच्याकडे बराच वेळ बघत बसले होते.

"निशाण फारच रिकामं दिसतंय," गेनपाची म्हणाला होता.

"रिकामंच ठेवायचंय. रंगाला बंदी आहे."

"रंग कोण लावतंय?"

चोजोने नाकपुडी खाजवली आणि निघून गेला. तिसऱ्या दिवशी तळहाताएवढी एक वेगळी फळी आणून त्याने उंबऱ्यावर ठेवली. तिच्यात सहा नाणी खोल कोरलेली होती. या फळीला शाई लावायची नसते. वर ओला कागद टाकायचा आणि कोपराने, अंगाचा सगळा भार देऊन, दाबायचं. कागद स्वतःच फुगून आकार धरतो. पूर्वी बायकांच्या पांढऱ्या किमोनोवरची वेलबुट्टी, बगळ्यांची पिसं, पडणारा बर्फ, सगळं गेनपाची याच रीतीने काढायचा. साधेपणा आला तसं ते कामही गेलं. दोन वर्षं तो आज्ञाधारक मुलगे छापत होता आणि त्याच्या उजव्या कोपराचा घट्टा मऊ पडत चालला होता.

राजकारण म्हणाल तर गेनपाचीला त्यात रस नव्हता. शोगुन कोण आहेत हे त्याला नाण्यांच्या धातूवरून कळायचं, दर खेपेला हलका होई त्यावरून. पण आपल्याला जे येतं ते करायची बंदी आहे, ही गोष्ट त्याच्या घशाखाली उतरत नव्हती. सहा नाण्यांचा पहिला कागद उचलून त्याने उजेडात तिरका धरला, तेव्हा दोन वर्षांत पहिल्यांदा तो स्वतःशी हसला. प्रकाशक हामायाने तो कागद पाहिला, तिरका केला, सरळ केला, पुन्हा तिरका केला. "मी काही बघितलेलं नाही," तो म्हणाला. "आणखी काढ."

आता हामाया पोटदुखीने आजारी होता आणि पेठेचे मुख्य गेनपाचीच्या चटईवर बसले होते.

"कचेरीचा निरोप आलाय," कितामी म्हणाले. "परवा सकाळी तुला, मला आणि हामायाला हजर व्हायचंय. कुणाचा तरी पुतण्या तिथं कारकून आहे, त्यानं तिरकं धरलं. ऐक, मी रात्रभर विचार केलाय. तू छापत होतास. तुझ्या बाहीत न्हाणीघराचे पैसे होते."

"बरं."

"ते सांडले. फळीवर पडले. तुझं लक्ष नव्हतं. वर कागद आला, तू रगडलंस."

गेनपाचीने कागद एका कोपऱ्यातून उचलला, बघितला, बाजूला ठेवला. मग तो वळला.

"सहाच्या सहा सांडले?"

"सहा."

"दोन ओळींत? तीन खाली, तीन वर?"

"सांडले तसे सांडले."

"आणि प्रत्येक कागदाला त्याच जागी सांडले?"

"अरे बाबा," कितामी कळवळून म्हणाले, "कचेरीला खरं-खोटं करायचंच नाहीये. कचेरीला काहीतरी लिहायचंय. बेफिकिरीनं घडलं, असं लिहिलं की सगळे सुटले. तुला दम देतील, चित्रं जाळतील, फळ्या तासून टाकतील. मला समज देतील. खेळ खलास. मुद्दाम केलं असं निघालं तर हातकड्या आहेत. दीड महिना तरी. हात असे समोर बांधून ठेवतात, आणि कुलपावर कागद चिकटवून शिक्का मारतात. तू छापणारा माणूस. तुला कळतंय का?"

"म्हणजे मी बेफिकीर."

"शब्दच आहे रे एक. कागदावरचा."

"माझं सगळं कागदावरच असतं, साहेब," गेनपाची म्हणाला आणि पुन्हा निळ्या रंगाकडे वळला.

कितामी उठले. दारात त्यांनी खडावा पायात घालता घालता आतल्या बाजूला बघून म्हटलं, "ओतोकुबाई, तुम्ही तरी सांगा." ओतोकु, गेनपाचीची बायको, पडद्याआड मुळा किसत होती. तिचं किसणं मघापासूनच थांबलं होतं.

कितामी गल्लीच्या टोकाला पोचले असतील-नसतील तोवर ती बाहेर आली.

"जबानीवर अंगठा देऊन टाका," ती म्हणाली.

"नाही देणार."

"तीस वर्षं मी तुम्हाला बेफिकीरच म्हणतेय. दार लावत नाही, दिवा विझवत नाही, माझ्या भावाच्या लग्नात उलटे मोजे घालून गेलात. तेव्हा कुठं हातकड्या मागितल्यात?"

"ते तू म्हणतेस. घरात."

"आणि हे कोण वाचणार आहे? कचेरीच्या माळ्यावर उंदीर खातील."

"उंदरांनी तरी खरं खावं."

ओतोकुने मुळ्याचा उरलेला तुकडा उचलून त्याच्याकडे रोखला. "हे बघा. मला त्या सहा नाणीवाल्याचं काही देणंघेणं नाही. तो मेला, त्याला मरून किती पिढ्या झाल्या. तुमचे हात बांधले तर तुम्हाला भरवायचं कुणी? धोतर कुणी सोडायचं? मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत तुमची आई होऊन बसू?"

गेनपाचीने चकतीचं पान घट्ट केलं. मग म्हणाला, "एक खराब कागद या घरातून बाहेर गेलेला तू बघितलायस?"

ओतोकुने बघितलेला नव्हता. डागाळलेले, सरकलेले, किंचित फिकट आलेले कागद तो स्वतः फाडायचा, हामायाने कितीही ओरडा केला तरी. त्या कागदांवरून या घरात जेवढी भांडणं झाली होती तेवढी सासूवरूनही झाली नव्हती.

"कागदाखाली पैसे विसरतो तो छापणारा नसतो," गेनपाची म्हणाला. "तो औषधाच्या पुड्या छापतो. मुद्दाम केलं म्हणून कड्या घाला म्हणावं. चुकून झालं असं मी म्हणणार नाही. तसं चुकून होतच नाही, ओतोकु. निम्मा दिवस कोपर दुखलंय माझं."

ती आत गेली. किसणं पुन्हा सुरू झालं, पण बरंच जोरात. मध्येच तिकडून आवाज आला, "तुमचा तो मित्र कुठं आहे म्हणे? कोरताना बरा पुढं होता. दोन दिवसांत फिरकलासुद्धा नाही."

चोजो खरंच फिरकला नव्हता. गेनपाचीच्याही हे ध्यानात आलं होतं.

कचेरीच्या अंगणात पांढरी खडी पसरलेली असते आणि तिच्यावर गुडघे टेकून बसायचं असतं. खडी माणसाला खरं बोलायला लावते असं म्हणत, पण बहुतेकांचा अनुभव असा की ती लवकर बोलायला लावते. गेनपाचीच्या डाव्या हाताला कितामी, उजव्या हाताला हामाया. हामायाची पोटदुखी आता खरी झाली होती. समोर ओसरीवर कारकून, आणि त्याच्या मागे सावलीत न्यायाधीश. त्यांचा चेहरा दिसत नव्हता, फक्त गुडघ्यांवर ठेवलेले हात दिसत होते.

कारकुनाने जबानी वाचायला घेतली. ती आधीच लिहून ठेवलेली होती आणि कितामींनी ती आदल्या दिवशी पाहून घेतली होती. आसाकुसाचा छपाई कामगार गेनपाची याने न्हाणीघराचे पैसे बाहीत ठेवण्याच्या वाईट सवयीमुळे, बेफिकिरीने, वगैरे. कारकुनाचा आवाज छान होता. वाचून झाल्यावर त्याने कागद पुढे सरकवला आणि शाईची डबी उघडली.

"अंगठा."

"एक शब्द चुकलाय, हुजूर," गेनपाची म्हणाला.

कितामींनी डोळे मिटले.

"इथं शब्द चुकत नसतात," कारकून म्हणाला.

"बेफिकिरीनं नाही. मुद्दाम केलंय. आणि नीट केलंय."

हामायाने शेजारी एक बारीकसा आवाज काढला, ज्याचं स्पष्टीकरण पोटदुखीने होऊ शकलं असतं. सावलीतले हात हलले. "चित्र द्या," न्यायाधीश म्हणाले. कारकुनाने चित्र मागे दिलं. न्यायाधीशांनी ते समोर धरलं, मग थोडं पुढे सरकून ओसरीच्या कडेला आले, उजेडात, आणि त्यांनी मान वाकडी केली. ते बरेच वृद्ध होते. ते बराच वेळ बघत राहिले. एका चित्रात सहा नाणी बघायला लागतो त्याहून नक्कीच जास्त वेळ.

"कोपरानं काढतात ना हे?" त्यांनी विचारलं.

"हो, हुजूर."

"माझ्या आईकडं एक होतं. बगळा होता." मग त्यांना आपण कुठे बसलोय ते आठवलं. "मुख्यांनी हे पाहिलं होतं?"

"त्यांनी पांढरं निशाण पाहिलं. पांढरंच होतं. शिक्का त्यावर आहे. त्यांचा यात संबंध नाही."

"प्रकाशकानं सांगितलं?"

"त्यांना पोटदुखी होती, हुजूर."

"रंगावर निर्बंध आहेत, माहीत आहे?"

"माहीत आहे. मोजून घ्या. निशाणाला एकही रंग नाही."

कारकुनाने खरोखरच मान पुढे काढून रंग मोजले आणि नाराजीने मागे झाला.

"कोरलं कुणी?"

या प्रश्नाची तयारी गेनपाचीने केली नव्हती. त्याने खडीकडे बघितलं. चोजोचं नाव त्याच्या जिभेपर्यंत आलं, तिथेच थांबलं.

"मीच," तो म्हणाला.

"छापणारे कोरतात?"

"वेळ पडली तर."

न्यायाधीशांनी चित्राची हलकेच गुंडाळी केली. "ही सहा नाणी कुणाची," ते म्हणाले, "हे मी तुला विचारणार नाही. कारण तू उत्तर देशील."

ते उत्तर दिल्यावर माणसाला शहर कायमचं सोडावं लागतं, हे तिथे बसलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

"लहरीपणानं, असं लिही," न्यायाधीशांनी कारकुनाला सांगितलं.

"मुद्दाम, हुजूर," गेनपाची म्हणाला. त्याचा आवाज फार मोठा नव्हता, पण खडीवर बसलेल्या माणसाच्या मानाने तो मोठाच होता. "लहर फार तर एका कागदाला येते."

न्यायाधीशांनी त्याच्याकडे बघितलं. मग हात झटकला, लिही म्हणून. कारकुनाने बेफिकिरीने हा शब्द खोडला, बाजूला मुद्दाम असं लिहिलं आणि खोडल्याबद्दल स्वतःचा छोटा शिक्का मारला. हुकूम वाचला गेला. चित्रं जाळावीत, फळ्या तासाव्यात, प्रकाशकाने दंड भरावा, मुख्यांनी पुढच्या वेळी कागद तिरके धरून तपासावेत, आणि गेनपाचीला पन्नास दिवस हातकड्या, राहत्या घरी.

मग त्याने अंगठा दिला. शाई जास्त झाली होती, ती त्याने आधी डबीच्या काठावर निपटली. अंगठा टेकवला, एका कडेने दुसऱ्या कडेपर्यंत सावकाश दाबला आणि सरळ वर उचलला. ठसा बघितला. रेघ न् रेघ आली होती. मग त्याने दोन्ही मनगटं पुढे केली.

परतताना कितामी त्याच्या सोबत चालले. हातांवर टाकायला त्यांनी आपलं उपरणं दिलं होतं. पुलावर ते म्हणाले, "मी रात्रभर जागून ती गोष्ट रचली होती."

"चांगली होती, साहेब."

"तिरके धरून तपासावेत म्हणे. माझे डोळे सरळसुद्धा बघत नाहीत आता."

"सूनबाईंना बसवा."

कितामी हसणार होते, पण त्यांनी ते मुख्यांना शोभेल अशा खोकल्यावर नेलं.

घराचं दार बंद होतं. सरकतं दार, पण बांधलेल्या हातांना ते सरकेना. गेनपाची स्वतःच्याच उंबऱ्याबाहेर पाहुण्यासारखा उभा राहिला. ओतोकुने दार उघडलं, उपरणं उचलून खाली बघितलं, पुन्हा टाकलं.

"पाय पुसून या," ती म्हणाली.

संध्याकाळी तिने पाटावर सूप आणि टोफू मांडला आणि जेवायच्या काड्या उचलल्या तेवढ्यात चोजो आत आला. अंगावर धुतलेला, कडक खळीचा किमोनो, जो त्याने याआधी दोनच प्रेतयात्रांना घातला होता. तो बसला नाही.

"तू कोरलंस म्हणे," तो म्हणाला.

"बस की."

"गल्लीत सगळे म्हणतायत. गेनपाचीनं छापलं, गेनपाचीनंच कोरलं. कोळीवाड्यातला तो मासेवाला मला म्हणतो, तुझ्यापेक्षा चांगलं कोरलंय."

"मग तुझं नाव सांगू काय? तुलाही घातल्या असत्या कड्या."

"मग घातल्या असत्या!" चोजोच्या गळ्याच्या शिरा ताणल्या. "दोन दिवस हा किमोनो घालून बसलोय मी घरात. बोलावणं येईल म्हणून. बायकोला सांगून ठेवलं होतं. दाढी केली होती. त्या नाण्यांची भोकं बघितलीयेस तू? चौकोनाचा एक कोपरा जरी गोल झाला असेल तर दाखव. तू बेफिकीर म्हणवून घेईनास, आणि माझं काम खुशाल खिशात घातलंस?"

कचेरीच्या खडीवर गेनपाचीला जेवढं अवघडलं नव्हतं तेवढं आता अवघडलं.

"हे माझ्या डोक्यात आलं नाही," तो अखेर म्हणाला.

"येणार कसं? तिथं तू आणि तुझं कोपर."

"उद्या जाऊन सांग त्यांना. मी नाही म्हणणार नाही."

"सांगणारच होतो. कितामींनी दारातच धरलं. म्हणाले, आता जबानी बदलली तर माझ्या शिक्क्यासकट सगळं पुन्हा उघडेल. म्हणजे आता माझं तोंड बंद, जन्मभर."

"आणि दोघांनाही कड्या घातल्या असत्या तर मी दोघांना भरवलं नसतं," ओतोकु म्हणाली. "आत्ताच सांगून ठेवते."

बाहेर न्हाणीघराच्या धुराड्यातून धूर निघत होता. जप्त केलेले गठ्ठे आणि तासलेल्या फळ्यांचा भुसा कचेरीने तिथेच सरपणाला दिला होता, आणि आज पाणी नेहमीपेक्षा कढत आहे असं लोक म्हणत होते.

चोजो खाली बसला. प्रेतयात्रेच्या किमोनोच्या बाह्या त्याने वर सारल्या, ओतोकुच्या हातातून काड्या घेतल्या आणि टोफूकडे रागाने बघितलं. मग वाटीतून एक तुकडा उचलला. टोफू इतका मऊ की तो नुसत्या बघण्यानेही मोडेल. त्याच्या काड्यांत तो चारही कोपरे शाबूत ठेवून वर आला.

"उघड तोंड," चोजो म्हणाला.

गेनपाचीने बांधलेले हात मांडीवर ठेवले आणि तोंड उघडलं.